पुलरची बखर

आमच्या जुन्नर तालुक्याला इतिहासाची टंचाई कधी पडली नाही. पाण्याची पडली, रॉकेलची पडली, सिमेंटची पडली. इतिहास मात्र रेशनकार्डाशिवाय मिळत आला. शिवनेरी आहे, लेण्याद्री आहे, नाणेघाट आहे. शाळेची सहल कुठे न्यायची हा प्रश्न इथल्या शिक्षकाला पडत नाही. नेलेली सगळी मुले मोजून परत कशी आणायची, एवढाच पडतो. पण इतिहासाची इतकी पाने लिहिली गेली, त्यांत पाने कुठेच नाहीत. म्हणजे दहा-अकराचा पाना, बारा-तेराचा पाना, ते पाने. तालुक्याच्या पूर्वेला, आळेफाट्याहून बेल्ह्याकडे जाताना राजुरी लागते. दुधासाठी नाव असलेले गाव. त्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटारसायकलचा गिअरबॉक्स खोलण्यासाठी मिस्त्री लोकांनी स्वतःच्या हातांनी जी अवजारे घडवली, त्यांच्याबद्दल कोणी चार ओळी खरडलेल्या नाहीत. शेतात ताम्रपट सापडला तर परिसंवाद भरतो. पुलर सापडला तर भंगारवाला तो किलोवर घेऊन जातो.

ही उणीव भरून काढावी असे फार दिवस मनात होते. त्या विषयातला माझा अधिकार विचाराल तर एवढाच, की मिस्त्रीच्या शेडमध्ये बसायला बाकडे होते, आणि शाळा सुटल्यावर मला तिथे चहा मिळत असे.

पुलर म्हणजे काय, हे ज्यांनी जन्मभर एसटीनेच प्रवास केला त्यांच्यासाठी आधी सांगतो. तुमच्या घरात स्टीलचे दोन पेले एकात एक अडकून बसलेले असतीलच. नसतील तर पाहुणे येऊन गेल्यावर बघा. दोन्ही निमुळते, त्यामुळे एकदा दाबून बसले की ओढून निघत नाहीत, आणि हातोडी मारावी तर पोचा येतो. मोटारसायकलच्या मॅग्नेटोचे जड चाक इंजिनच्या दांड्यावर असेच बसवलेले असते. फरक एवढाच, की पेले चुकून बसतात आणि हे मुद्दाम बसवतात. दांडा निमुळता, चाकाचे भोकही निमुळते. वरून नट आवळला की दोघांचा संसार असा जमतो की मिनिटाला तीन-चार हजार फेरे घेतले तरी काडीमोड नाही. आता हे चाक काढायचे कसे? ठोकाल तर चाक जागचे हलत नाही, दांडा तेवढा वाकतो. तिथे पुलर लागतो. लोखंडाची एक जाड टोपी. तिच्या आटे पाडलेल्या कडा चाकावरच्या आट्यांत घट्ट फिरवून बसवायच्या. टोपीच्या मधोमध एक बोल्ट. तो पिळत गेले की दांडा मागे रेटला जातो आणि चाक पुढे ओढले जाते. बोल्ट पुरता ताणला, की त्याच्या डोक्यावर हातोडीची एकच बेताची चापट. ‘टक्’ असा आवाज होतो आणि चाक हातात येते. बोल्ट ताणत असताना शेडमधले झाडून सगळे, अगदी कांद्याच्या भावावर भांडणारेसुद्धा, बोलायचे थांबत. टक् झाले की भाव पुन्हा सुरू.

पण गिअरबॉक्सचा आणि मॅग्नेटोचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध एकत्र कुटुंबाचा. राजदूत आणि जावा ह्या गाड्यांचे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत नांदतात. जुन्या वाड्यात माजघरातले फडताळ उघडायचे तर आधी ओसरी आणि सोपा ओलांडावा लागतो. तसे गिअरच्या एका चक्राला हात लावायचा तर इकडून मॅग्नेटो काढा, तिकडून क्लच काढा, चेनची चक्री काढा, आणि मग ती ॲल्युमिनियमची पेटी मधोमध उकलून तिच्या दोन फाका करा. बुलेटचा गिअरबॉक्स मात्र इंजिनापासून वेगळे बिऱ्हाड करून राहत असे. क्लच काढायला खास अवजार हवे, हे तिलाही चुकले नव्हते.

पेटीच्या आत चक्रांच्या जोड्या एकमेकींत दात घालून सदैव फिरत असतात, फुगडी घातल्यासारख्या. गिअर बदलणे म्हणजे त्यांपैकी कोणत्या जोडीने दांड्याला धरायचे ते बदलणे. त्यासाठी चक्राच्या अंगाला ठेंगण्या खुंट्या असतात. त्या शेजारच्या चक्राच्या खाचेत जाऊन अडकतात. इंग्रजीत ह्या खुंट्यांना चक्क कुत्रे म्हणतात. मिस्त्रीही ‘डॉग’च म्हणे. “मास्तर, डॉग मेले,” हे वाक्य तो एकदा आमच्या दारात उभा राहून म्हणाला, तेव्हा आतून “कुणाचे हो?” असा काळजीचा आवाज आला होता. ह्या खुंट्यांचे कोपरे झिजून गोल झाले की गिअर धरून राहत नाही. सपाटीवर एक वेळ राहील. पण चढाला, ओझे असताना, नेमका हवा तेव्हा सुटतो. आणि राजुरीच्या गाड्यांवर ओझे म्हणजे काय, तर दूध. ॲल्युमिनियमचा एक कॅन चाळीस लिटरचा, असे दोन्ही बाजूंना टांगलेले, कधी मागे तिसरा. मे महिन्यात धारा काढल्यापासून दूध नासेपर्यंत हातात असतात ते थोडे तास. गावोगाव दूध थंड करणारी यंत्रे येण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. शहरात गिअर सुटला तर माणसाला ऑफिसात उशीर होतो. इथे ऐंशी लिटर दुधाचे दही होत असे, आणि तेही विकण्याच्या लायकीचे नाही.

आता हे असले पुलर आणि चाव्या मुळात होत्या कुठे? तर परदेशात. आपल्याकडच्या मोटारसायकलींची कुळे काढली तर मोठी मजा आहे. बुलेट मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. रेडिच हे सुयांचे गाव. सुया करण्याबद्दल जगभर प्रसिद्ध. रॉयल एनफील्डचा वंशही मागे जात जात एका सुयांच्या कारखान्याशी जाऊन थांबतो. ह्या कंपनीने १९५५ साली मद्रास मोटर्सशी हातमिळवणी केली आणि बुलेट मद्रासेत तयार होऊ लागली. जावा चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक नावाच्या गृहस्थांनी १९२९ साली वांडरर ह्या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचा परवाना घेतला आणि आपल्या आडनावाची दोन अक्षरे आणि कंपनीची दोन अक्षरे जोडून बारसे केले. त्याआधी हे गृहस्थ शस्त्रे करीत, त्यांत हातबॉम्बही असत. ही गाडी मुंबईच्या इराणी मंडळींनी म्हैसूरला आणली. १९६१ साली तिथे कारखाना सुरू झाला आणि पुढे सत्तरीच्या दशकात तिचेच नाव येझदी झाले. राजदूत पोलंडची. किएल्त्से गावच्या एसएचएल कारखान्याची १७५ सीसीची गाडी एस्कॉर्ट्सने १९६२ पासून इकडे काढायला घेतली. त्या पोलिश कारखान्यात दुसऱ्या महायुद्धापूर्वी घोडदळासाठी तलवारी होत असत. म्हणजे सुई, हातबॉम्ब आणि तलवार ह्या तिघांचे वारस आमच्या रस्त्याने दुधाचे कॅन घेऊन हिंडत होते.

प्रत्येकीचा स्वभाव निराळा. जावाची किक आणि गिअर एकाच दांडीत. त्याच दांडीने लाथ मारून उठवायचे आणि त्याच दांडीने गिअर टाकायचा. बुलेटला न्यूट्रल शोधण्यासाठी टाचेजवळ एक वेगळी दांडी दिलेली. ज्या गाडीला स्वतःचे न्यूट्रल सापडत नाही तिच्यावर बसायला माणसे एवढी का धडपडतात, हे मला कळलेले नाही. पण पाटील, फौजदार आणि ज्यांना तसे दिसायचे होते ते सगळे बुलेटच घेत. दूधवाल्याची मात्र राजदूत. तीन गिअर, राकट बांधा, खाण्यापिण्याची तक्रार नाही.

तर ह्या तिन्ही कारखान्यांनी आपापल्या गाड्यांसाठी खास अवजारे केली होती, त्यांना नंबर दिले होते, आणि दुरुस्तीच्या पुस्तकात त्यांची चित्रे छापली होती. शहरातल्या अधिकृत विक्रेत्याच्या वर्कशॉपात ही अवजारे फळ्यावर टांगलेली असत. फळ्यावर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवलेली, आकृतीवर ते अवजार. एखादे कोणी नेले की भिंतीवरून आजोबांचा फोटो काढल्यावर उरतो तसा रिकामा आकार दिसे. हा फळा पुण्यात. राजुरीपासून शंभरएक किलोमीटरवर. आणि तिथली अवजारे बघायची असतात, मागायची नसतात. त्या काळात नव्या स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक दहा-दहा वर्षे थांबत. मुलाच्या मुंजीत नंबर लावायचा आणि लग्नात गाडी यायची. जिथे गाडीच मिळत नव्हती तिथे ती खोलायचा पुलर एका खेड्यातल्या मिस्त्रीला कोण देतो? तो बाजारात विकायला ठेवलेलाच नसे. पुस्तकात मात्र प्रत्येक कामाच्या सुरुवातीला अमुक नंबरचे खास अवजार घ्यावे, असे लिहिलेले असायचे. पाककृतीत पहिलीच ओळ ‘एक हत्ती घ्यावा’ अशी असावी, तसे.

त्यात आणखी मापांचा घोळ. आमचे सुतार-लोहार सुतात मोजणारे. इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत. इंग्रजांच्या गाड्याही इंचातल्या. सरकारने १९५६ साली कायदा केला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून शेर-मण जाऊन किलो येऊ लागले. चेक आणि पोलिश गाड्यांचे नट जन्मतःच मिलिमीटरचे. म्हणजे शेडमध्ये दोन धर्मांचे पाने एकाच पेटीत. त्यातला इंग्रजी पाना विशेष नाठाळ. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या साहेबाने १८४१ साली आट्यांना शिस्त लावली, ते त्याचे उपकारच. पण त्याच्या पद्धतीत पान्यावर जो आकडा असतो तो नटाच्या डोक्याचे माप सांगत नाही, आतल्या बोल्टाची जाडी सांगतो. अर्धा इंच लिहिलेला पाना अर्ध्या इंचाच्या डोक्याला लावायला जावे तर जवळजवळ इंचभर मोठे भोक निघते. नाणेघाटातल्या लेखात दोन हजार वर्षांपूर्वी आकडे कोरलेले आहेत आणि विद्वानांना ते वाचता आले. व्हिटवर्थच्या पान्यावरचे आकडे वाचायला मात्र मिस्त्रीच लागतो. त्याने त्यावर तोड काढली होती: पाने रंगवून टाकले होते. “बुलेटला लाल, जावाला हिरवा. आकडे बघायचेच न्हाईत.”

ह्या मिस्त्रीचे सगळे शिक्षण सातवीपर्यंत आणि पुण्याच्या नाना पेठेतल्या एका गॅरेजात चार वर्षे. नाना पेठ म्हणजे सुट्या भागांची पंढरी. तिथे त्याने पुलर पाहिला होता, वापरला नव्हता. उस्ताद तो रात्री घरी घेऊन जात. गावी येऊन शेड टाकल्यावर एकेक अवजार डोक्यातून हातात आले. तेही आपले आपण नव्हे, प्रत्येक वेळी एखादी अडलेली गाडी समोर असल्यामुळे. त्याच्या भिंतीवरच्या खिळ्यांना जी लोखंडे लटकत होती, त्यांतल्या प्रत्येकाला तो गाडीच्या मालकाच्या नावाने ओळखे.

एक उदाहरण सांगतो. क्लचच्या मधला नट सोडवायचा तर क्लच फिरता कामा नये. नट पिळाल तसा क्लचही त्याच्याबरोबर फिरत राहतो. कणकेचा डबा उघडताना डबाच फिरावा तसे. कंपनीचे खास अवजार क्लचला धरून ठेवते. मिस्त्रीने झिजलेली जुनी क्लचप्लेट घेतली, तिला हातभर लांबीची सळई वेल्ड केली. क्लचच्या दातांत क्लचचीच प्लेट बसणार; माप चुकण्याचा प्रश्नच नाही. “मेलेल्या प्लेटीनं जित्या क्लचला धरायचं,” असे तो म्हणे. ही युक्ती जगभरच्या मेकॅनिकांना आपापली सुचलेली आहे. मिस्त्रीला हे सांगितल्यावर त्याला आनंद झाला नाही. कोणीतरी चोरली असा त्याचा संशय होता.

दुसरे उदाहरण गोल नटाचे. काही नटांना सहा बाजू नसतात. गोल चकती आणि तिला चार खाचा. त्याला पाना लागतच नाही, खाचांत बसणारे चार दात असलेली नळीसारखी चावी लागते. बरेच लोक छिन्नी आणि हातोडी घेऊन खाचेत ठोकत सुटतात. नट निघतो, पण खाचा फाटतात, आणि पुढच्या वेळी तोही निघत नाही. मिस्त्रीने नटावर कागद ठेवला आणि ऑइलने माखलेला अंगठा त्यावरून फिरवला. खाचांचा छाप कागदावर उमटला. (कागद सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेचा होता. मी तपासायला घेऊन बसलो होतो. मागची बाजू कोरी होती, एवढे त्याने पाहिले होते.) तेवढ्याच व्यासाचा पाण्याचा पाइप शोधून त्याच्या तोंडावर छाप चिकटवला आणि कानशीने दात पाडले. पाइप मऊ, दहा-बारा गाड्यांत दात बोथट होत. मग तेवढा भाग कापून पुन्हा नवे पाडायचे. करता करता ती चावी पेन्सिलीसारखी आखूड होत गेली.

स्प्रिंगा ओढायचा आकडा सायकलच्या चाकाच्या तारेचा. पुढे खोडदला गोविंद स्वरूप ह्यांनी ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी उभ्या केल्या आणि त्यांच्या थाळ्या बारीक तारेच्या जाळीच्या केल्या, खर्च वाचावा म्हणून. मिस्त्री त्या मुद्दाम बघून आला आणि म्हणाला, “त्यांनीबी तारच वापरलीय.” सर्क्लिप काढायची पकड जुन्या पकडीची टोके घासून केलेली, पण ती टोके वाकत. शेवटी गावच्या लोहाराकडे गेला. लोहारबाबांनी जन्मभर विळ्या-कोयत्यांना पाणी दिलेले. त्यांनी टोके लाल करून विझवली, मग घासून चकचकीत करून पुन्हा हलकी तापवली. त्यावर गव्हाच्या काडीचा रंग चढला, तो जाऊन जांभळट छटा आली, त्या क्षणाला पाण्यात. “कशाची हाय ही?” एवढेच त्यांनी विचारले. मोटारसायकलीची म्हटल्यावर पैसे घेतले नाहीत. त्यांच्या मते ते काम विळ्यापेक्षा हलके होते.

बेअरिंग काढायला तर काही अवजारच नाही. ॲल्युमिनियमच्या पेटीत पोलादी बेअरिंग घट्ट बसवलेले. तिथे पुन्हा पेल्यांची आठवण ठेवा. अडकलेले पेले सोडवताना आतल्यात गार पाणी ओततात आणि बाहेरचा गरम पाण्यात धरतात, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. मिस्त्री पेटीची फाक चुलीवर ठेवी, बोटाने पाण्याचा थेंब टाकी. थेंब चर्र करून नाचला की फाक उचलून लाकडाच्या ठोकळ्यावर एकदा आपटायची. बेअरिंग पिकल्या जांभळासारखे खाली पडते. ही चूल घरची होती आणि तिच्यावर त्या वेळी भाकरी असायची, ह्यावरून जे प्रसंग उद्भवले ते बखरीत घेत नाही.

राहता राहिला पुलर. तो पाइपातून होत नाही आणि चुलीवरही होत नाही. तिथे आटे लागतात, आणि आट्यात लबाडी चालत नाही. आळेफाट्याला एका टर्नरकडे लेथ होता. लेथ जुना, इंचाचा; राजदूतचे आटे मिलिमीटरचे. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. इंची लेथवर मिलिमीटरचे आटे नेमके पाडायचे तर १२७ दातांचे एक चक्र जोडावे लागते, कारण पाच इंचांचे बरोबर १२७ मिलिमीटर होतात. एवढे मोठे चक्र त्या लेथबरोबर आलेले नव्हते. निम्मे घ्यावे, तर साडेत्रेसष्ट दात. आणि अर्धा दात आजवर कोणी पाडलेला नाही. टर्नरने ६३ दातांचे लावले. हिशेब केला तर दीड मिलिमीटरच्या आट्यात दर फेऱ्याला मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा आणि वर थोडा फरक पडतो. एका फेऱ्याला काहीच नाही. पण आठ फेऱ्यांत तो दाढीच्या पात्याच्या जाडीएवढा होतो, आणि तेवढ्याने टोपी मध्येच जाम होते. मग वाल्व घासायचा मसाला लावून मिस्त्री आणि त्याचा धाकटा भाऊ एक जुने चाक घेऊन बसले. टोपी आत-बाहेर, आत-बाहेर, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टोपी शेवटपर्यंत गेली. नंतर तो टर्नर भोसरीला कारखान्यात लागला आणि लेथ विकला गेला. दुसरीकडून एक पुलर करवून पाहिला; तो तिसऱ्याच गाडीला चाकाचे आटे खरवडून बाहेर आला, आणि नव्या चाकाचे पैसे मिस्त्रीला भरावे लागले. म्हणजे आसपासच्या राजदूती खोलणारा धड पुलर एकच.

आणि मग भावाभावांत वाटणी झाली. कारण विचारू नका. वाटणीला कारण लागत नाही, निमित्त लागते. जमीन वाटली गेली. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. पितळेची भांडी तोलून झाली. धाकट्याने रस्त्याच्या पलीकडे दुसरी शेड टाकायची ठरवली. शेवटी पुलर निघाला. पंचांपैकी एकालाही ही वस्तू काय आहे ते ठाऊक नव्हते. एकाने हातात घेऊन वजन केले आणि “पाव-अर्धा किलो लोखंडापायी काय बसलाय,” म्हणाला. दुसऱ्याने बोल्ट एकाला आणि टोपी एकाला द्यावी, असा न्याय सुचवला. तोडगा अखेर विहिरीवरून सुचला: पाळी. सोमवारी बेल्ह्याचा बाजार, त्या सकाळपासून बुधवारच्या दुपारपर्यंत पुलर धाकट्याकडे; बुधवार दुपारपासून शनिवारपर्यंत थोरल्याकडे; रविवारी ज्याचे काम अडले असेल त्याच्याकडे. हे स्टँपपेपरवर आले. ‘एक नग लोखंडी पुलर’ असा उल्लेख विहिरीच्या खाली आणि बैलाच्या वर आहे. मी अक्षर बरे म्हणून लिहायला होतो.

भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. थोरल्याचा मुलगा खाकी पिशवीत पुलर घेऊन रस्ता ओलांडी, आणि पिशवी ठेवून काही न बोलता परत येई. दूधवाल्यांना पाळ्या पाठ झाल्या. गिअर सुटू लागला की आधी वार बघायचा, मग कोणत्या बाजूच्या शेडकडे वळायचे ते ठरवायचे. असे अकरा वर्षे चालले.

एका मे महिन्यात मंगळवारी रात्री थोरल्याच्या शेडमध्ये एक राजदूत ढकलत आली. मालक चार गावांचे दूध गोळा करणारा. पलीकडच्या शेडला कुलूप. धाकटा जेवायला घरी गेलेला. गाडी पहाटे चारला निघाली नाही तर दूध जागेवर नासणार, आणि चार गावांत दुसऱ्या दिवसापासून दुसरा दूधवाला दिसणार. थोरल्याने क्लच काढला. चक्री काढली. मग हात पुसत बसून राहिला. वार धाकट्याचा. मुलाला पाठवू का, असे मी म्हणालो, तर मान हलवली. “पाळी त्याची हाये. मागायची न्हाय.” दूधवाला काहीच बोलत नव्हता. कॅनच्या झाकणावर हात ठेवून उभा होता.

नऊच्या सुमाराला धाकटा आला. कोणी सांगितले, ते मला आजही ठाऊक नाही. त्याने पिशवीतून पुलर काढला, स्वतःच लावला, बोल्ट ताणला. थोरल्याने हातोडी पुढे केली. टक्. पुढे पहाटेपर्यंत काम चालले. चुलीवर फाक तापली, बेअरिंग पडले, नवे चक्र बसले. सगळे मुक्याने. पेटी बंद करायच्या वेळी धाकटा वाकून म्हणाला, “दादा, बत्ती जरा खाली धर. शिम राहिलीय.” एवढेच. गाडी चारला दहा मिनिटे कमी असताना निघाली.

त्यानंतर ते बोलू लागले. म्हणजे गाड्यांबद्दल बोलू लागले. पण काळ बदलत होता. हीरो होंडाची १०० सीसीची गाडी १९८५ ला आली आणि हळूहळू खेड्यांत उतरली. “ती बिघडतच न्हाय,” थोरला खिन्नपणे सांगे, “असल्या गाडीवर चार पोरांचं घर चालंल का?” दूध टेंपोतून जाऊ लागले. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला, राजदूत २००५ पर्यंत निघत राहिली आणि थांबली. खिळ्यांवरची अवजारे गंजू लागली. पाइपाची चावी तोवर वीतभर उरली होती.

मग उलटा वारा सुटला. शहरातल्या सुस्थितीतल्या मंडळींना जुन्या मोटारसायकलींचा लळा लागला. जावा हे नाव २०१८ साली आणि येझदी २०२२ साली नव्या गाड्यांवर पुन्हा आले, तसा जुन्यांचा भाव आणखी चढला. हल्ली पुलर मोबाइलवर मागवता येतो. दोन दिवसांत खोक्यातून दारात. त्यांतले काही बसतात. बाकीच्यांचे काय होते, ते मिस्त्रीच्या शेडमध्ये येणाऱ्या खोक्यांवरून दिसते.

परवा पुण्याहून असेच एक गृहस्थ आले होते. राजदूत उत्तम ठेवलेली, रंग आरशासारखा. भिंतीवरचा पुलर त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी तो हातात घेतला, घासून गुळगुळीत झालेले आटे पाहिले, आणि एकदम चार आकडी रक्कम सांगितली. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवणार होते. थोरल्याचा मुलगा, आता तोच शेड बघतो, माझ्याकडे बघायला लागला. वार मंगळवार होता, आणि पुलर तिथे कसा, हे माझ्याही मनात आले. तेवढ्यात पलीकडून धाकटे स्वतः रस्ता ओलांडून आले. आता चालायला काठी लागते. त्यांनी पाहुण्यांचे सगळे ऐकून घेतले आणि पुलर त्यांच्या हातातून काढून फडक्यात गुंडाळला.

“इकायचा न्हाय, सायेब. वापराय पायजे आसंल तर न्या खुशाल, भाडंबी नको. पर बुधवारी दुपारच्या आत आनून द्या,” ते म्हणाले. “बुधवार दुपारपासनं दादाची पाळी हाये.”